तीन काशीराम, दोन तुळशीराम : आमचा पणजोबा यातला कोणता?

डाकवाली

नमस्कार मंडळी. कारंजा लाडपासून एसटीनं पाऊण तासावर आमचं गाव. तिथलं शाखा डाकघर मी गेली २७ वर्षं चालवते, म्हणून हे टोपणनाव. आडनाव आणि गावाचं नाव लिहीत नाही. आमच्या भाऊबंदकीतले निम्मे लोक इथे वाचत असतात.

एका नावाच्या दहा माणसांशी माझी रोजची गाठ. आमच्या एवढ्याशा गावात आज ११ गजानन आहेत. शेगाव जवळ, त्यामुळे घरटी एक गजानन ठरलेलाच. त्यातले तिघे तर बापाच्या नावासकट सारखे : गजानन महादेव. पत्र आलं की मी कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहिते, टाकीजवळचा, गिरणीवाला, माळावरचा. चूक झालीच तर माणूस स्वतः येऊन सांगतो, ताई, हे माझं नाही. मेलेली माणसं अशी येऊन सांगत नाहीत.

सुरुवात भाचीच्या जात पडताळणीपासून झाली. प्रतिज्ञापत्रावर वंशावळ काढायची होती. भाऊ सोयाबीनच्या सोंगणीत, म्हणून काम माझ्याकडे आलं. बाबांपर्यंत सरळ, आजोबांपर्यंत सरळ. आजोबा म्हणजे तुळशीराम काशीराम, १९५४-५५ च्या अधिकार अभिलेखात नाव आहे, शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात आहे. त्यांच्या वर काशीराम. आणि तिथे गाडी रुतली, कारण हाताशी कागद आहेत ते असे :

आजोबांच्या टिनाच्या पेटीत एक मोडी कागद निघाला. कारंज्याच्या एका काकांनी वाचून दिला. काशीराम वल्द तुळशीराम (वल्द म्हणजे अमक्याचा मुलगा) यानं बैलजोडीसाठी कर्ज घेतलं आणि "वडाचे वावर" तारण दिलं. वर सन १२८१. आता १२८१ म्हणजे देवगिरीला यादव राज्य करत होते. तेव्हाचा कागद आमच्या टिनाच्या पेटीत?

दुसरं, कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जन्म-मयतीच्या नोंदवहीची, नक्कल. नोव्हेंबर १९१८ मध्ये काशीराम वल्द तुळशीराम मयत, वय ४०, कारण ताप.

तिसरं, १९२६ चं खरेदीखत, तेही मोडीत, त्याच पेटीत. लिहून देणार काशीराम वल्द महादेव. यानं त्याच वडाच्या वावरातला साडेतीन एकर तुकडा एका सावकाराला विकला.

चौथं, आजोबांची जन्मतारीख शाळेत १ जुलै १९२१.

घरात ऐकत आलो ते असं की पणजोबा मानमोडीच्या (इन्फ्लुएंझाच्या) साथीत गेले. म्हणजे १९१८. मग १९२१ ला आजोबा जन्मले कसे? आणि १९१८ ला मेलेला माणूस १९२६ ला वावर विकतो कसा, तेही बापाचं नाव बदलून? भाऊ म्हणतो, सोपं आहे, पणजोबा म्हणजे काशीराम वल्द महादेव. कागद आपल्याच पेटीत आहे ना. मानमोडीची गोष्ट बुढ्यांनी लावून दिली असेल.

मध्यंतरी भाच्यानं हे सगळं एका वंशावळीच्या ॲपमध्ये भरलं. ॲपनं विचारलं, हे दोन काशीराम एकच आहेत का? त्यानं हो दाबलं. आता पडद्यावर आमचा पणजोबा स्वतःच्याच आजोबाचा आजोबा झालाय आणि ते मिटवता येत नाही.

कोणी असा गुंता सोडवला असेल तर कुठून धरायचं ते सांगा.

जुनी_चावडी

डाकवाली ताई, मी तलाठी म्हणून ३१ वर्षं काढली, अकोला आणि वाशीम दोन्हीकडे. तुमचा प्रश्न नेहमीचा आहे, पण तुम्ही तो उलटा धरलाय. तुम्ही नावाला माणूस शोधताय. तसं न करता प्रत्येक कागदाचा माणूस आधी वेगळा धरा. तीन कागद, तीन काशीराम. मग कोणते दोन एक होतात ते पुराव्यानं जोडा. जोडायला पुरावा लागतो, वेगळं ठेवायला लागत नाही. तुमच्या भाच्यानं नेमकं हेच उलट केलं.

आता नावांचं. आपल्याकडे मेलेल्या आजाचं नाव नातवाला देतात. त्यामुळे काशीरामचा तुळशीराम, तुळशीरामचा परत काशीराम, आणि नाव-बाप-आडनाव असं पूर्ण नाव एक पिढी सोडून जसंच्या तसं परत येतं. वर दोन भाऊ असले की दोघेही आपापल्या पोराला त्याच आजाचं नाव देतात. म्हणून चुलतभाऊ दोघेही काशीराम. यात काही आश्चर्य नाही, वऱ्हाडातल्या अर्ध्या घरांचं असंच आहे. मात्र यातूनच एक उपयोगाची गोष्ट निघते : जित्या माणसाचं नाव घरातल्या पोराला ठेवत नाहीत. १९१८ ला ४० वर्षांचा काशीराम म्हणजे जन्म १८७८ च्या आसपास. तो जर थोरल्या काशीरामाचा नातू असेल, तर थोरला त्याआधी गेलेला असणार. मात्र त्या ४० वर भार टाकू नका. मयताचं वय कोतवाल अंदाजानं सांगायचा आणि अंदाज चाळीस, पन्नास, साठ याच पायऱ्यांवर उतरायचा. ३५ ते ५० धरा. कारणाच्या रकान्यातही तेच, जे ओळखू आलं नाही ते ताप.

१ जुलै विसरून जा. पोरगं शाळेत आणलं, गुरुजींनी उंची बघितली, १ जुलै टाकला. माझ्या सगळ्या नोकरीत खरा १ जुलैचा जन्म मी दोनदा पाहिला. (वाशीम जिल्ह्याचा वाढदिवससुद्धा १ जुलैच, १९९८ चा, पण तो खरा आहे.)

तिसरी एक शक्यता तपासून बाद करा : दत्तक. तुळशीरामला मूल नसेल आणि त्यानं भावाचा, महादेवचा, मुलगा घेतला असेल, तर एकच माणूस काही कागदांत वल्द महादेव आणि काहींत वल्द तुळशीराम दिसतो. मी अशा दोन केसेस पाहिल्यात.

आणि तुमच्या भावाला माझा एक प्रश्न. विकल्याचं मूळ खरेदीखत कोणाकडे राहतं? विकणाऱ्याकडे नाही, घेणाऱ्याकडे. मग सावकाराचा कागद तुमच्या आजोबांच्या पेटीत आला कसा? पेटीत सापडला म्हणून लिहून देणारा तुमचा पूर्वज, हे गणित चुकतंय. त्या खताची चतुःसीमा वाचा. लोक खरेदीखतात फक्त नावं आणि रक्कम बघतात. शेजारी कोण, हे चतुःसीमेत असतं आणि वावराचा शेजारी बहुतेक वेळा भाऊबंदच असतो.

रामटेकवाला

आमच्याकडे असं अडलं की जुन्या बंदोबस्ताचे, म्हणजे जमिनीचा सारा ठरवतानाचे, कागद काढतात. खसरा, खतौनी, वाजिब-उल-अर्ज. मालगुजाराच्या, म्हणजे गावाचा सारा गोळा करून भरणाऱ्या मालकाच्या, कागदात कास्तकारांची नावं बापासकट असतात. तुमच्या गावचा मालगुजार कोण होता ते शोधा.

जुनी_चावडी

रामटेकवाले भाऊ, चांगल्या मनानं सांगताय, पण ती तुमच्याकडची, नागपूर-भंडाऱ्याकडची रीत. वऱ्हाडात मालगुजार नव्हते. १८५३ ला निजामानं वऱ्हाड इंग्रजांकडे दिला आणि १८६० च्या दशकात इथली मोजणी मुंबई इलाख्याच्या पद्धतीनं सुरू झाली, खातेदाराच्या नावावर सर्वे नंबर. ताईंनी मालगुजार शोधायला घेतला तर दोन वर्षं जातील.

ताई, हेही विचारतो, तुम्ही नकला कुठून काढल्या?

डाकवाली

वाशीमहून. तीन चकरा झाल्या. एका कार्यालयात सांगितलं की १९०० च्या मागचं काही नाहीच, सगळं वाळवीनं खाल्लं. आमच्या तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये कोतवाल बुक १९०९ पासून पुढचं आहे, मधली काही वर्षं गायब.

जुनी_चावडी

वाळवीवर एवढ्यात विश्वास ठेवू नका. कारंजा तेव्हा मूर्तिजापूर तालुक्यात होता, आणि मूर्तिजापूर तालुका १९०५ पर्यंत अमरावती जिल्ह्यात. १९०५ च्या फेररचनेत तो अकोल्याला आला. वाशीम तेव्हा स्वतः जिल्हा होता, तो मोडून त्याचा बराचसा भाग अकोल्यात घातला. मग १९९८ ला परत वाशीम वेगळा. म्हणजे गाव जागच्या जागी आणि त्याच्या कागदाला तीन घरं. १९०५ च्या मागचं हवं तर अमरावतीत विचारा, नंतरचं अकोल्यात.

पडताळणीचं म्हणाल तर त्यासाठी एवढं मागे जायची गरजच नाही. भाची ओबीसी असेल तर १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा हवा, तो तुमच्याकडे १९५४-५५ चा आहे. प्रतिज्ञापत्रात आजोबांपर्यंतच लिहा. वरचा अंदाज तिथे अजिबात घालू नका, तो शपथेवरचा कागद आहे. एकदा चुकीचा काशीराम लिहून गेला की पुढच्या पिढीतलं प्रत्येक पोरगं तोच चिकटवत जाईल.

डाकवाली

पडताळणीचा अर्ज आजोबांपर्यंतच लिहून कधीच गेला. आता मलाच झोप येत नाही.

दर्यापूरचा_पोट्टा

ताई, मी दर्यापूरकडचा, खारपानपट्ट्यातला. चावडीवाल्या काकाजीनं सांगतलं ते कायद्याचं झालं. पन म्हाताऱ्या बायाले इचारलं का तुमी? आमच्या गावात चार गनपत होते. लंबा गनपत, बोबडा गनपत, इहिरीवाला गनपत, अन् चौथा नुस्ताच गनपत. लोकायनं कधी बापाचं नाव घेतलंच नाही तं कागदात वल्द कोन हाय ते गावाले काय ठाऊक? मी माह्या आबाजीचं सारं बोबड्या गनपतच्या नावानं शोधून काढलं. सातबाऱ्यावर थोडीच बोबडा लिवते कोनी.

वंशावळी लिवनाऱ्या भाटाच्या भरोशावर मात्र राहू नका. आमचा भाट आला होता वही घेऊन. त्याच्या वहीत माह्या आज्याले तीन भाऊ, आमच्या मते दोन. तिसरा कोन? तं मांगच्या खेपेले ज्यानं भाटाले पोतंभर जवारी देल्ली, त्याचा बाप मधात घुसवला. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायाच्या वहीवर जरा इस्वास ठेवता येते, कावून का तिथं आपल्याच मानसानं येऊन नावं सांगतलेली असते अन् खाली सही नाही तं आंगठा असते. तुमच्याइकडचं कोनी अस्थी घेऊन गेलं असन तं तिथं भेटन.

अन् बायाचं पाहा. मानसाचं नाव फिरून फिरून तेच येते. बाई बाहेरून येते. तिचं नाव सासरी बदलवते, पन मायेरचं गाव नाही बदलवता येत. आमच्या घरी सगळ्या बुढ्या गावाच्या नावानं : पोहेवाली, नेरवाली, बडनेरेवाली. दोन काशीरामाच्या बायका एकाच गावच्या असन असं होत नाही. तुमच्या पंजीचं मायेर कोन्तं?

आखरी एक सांगतो, हसजा नका. पहिले बाया नवऱ्याचं नाव घेत नव्हत्या. सासऱ्याचं तं सोडूनच द्या. पन लग्नात उखान्यात घ्याच लागे. तुमच्या पंजीचा उखाना कोनाले आठोते काय ते इचारा. पक्का दस्तावेज हाय तो. नोंदनी नसली तरी चालते.

मोडी_वाचक

उखाण्याचा पुरावा म्हणून उपयोग मी पहिल्यांदाच ऐकतोय आणि मला तो पटलाय.

डाकवाली ताई, तुम्ही वेगळ्या निरोपात पाठवलेले दोन्ही फोटो पाहिले. पहिल्या कागदातला १२८१ हा फसली, म्हणजे महसुलाच्या हिशेबाचा, सन आहे. आपल्या भागातल्या फसलीत ५९० मिळवा, १८७१ येतं. फसली वर्ष जूनच्या सुमारास सुरू होतं, म्हणजे १८७१-७२. यादव नाहीत. तुमच्या काकांनी वाचलं बरोबर, फक्त फसली हा शब्द त्यांनी सोडला. घडीवर आहे तो, अर्धा झिजलाय.

खरेदीखतात जास्त गंमत आहे. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत. आधी कागदभर रेघ ओढायची आणि मग तिला अक्षरं टांगत जायची. ऱ्हस्व-दीर्घही पाळत नाहीत. त्यामुळे सवय नसलेला माणूस ओळखीचं नाव दिसलं की तिथे थांबतो आणि पुढची ओळ अंदाजानं उडवतो. तुमच्या काकांनी चतुःसीमेच्या दोन ओळी सोडल्यात. मी वाचल्या त्या अशा, सुटसुटीत करून देतो :

पूर्वेस नाला, पश्चिमेस पांदण, दक्षिणेस खुद्द लिहून देणार याचे राहिलेले वावर, उत्तरेस मयत काशीराम वल्द तुळशीराम याचा अज्ञान मुलगा तुळशीराम, पालक आई चंद्रभागा, इचे वावर.

दोनदा वाचलं. मयत हा शब्द स्पष्ट आहे, चंद्रभागाही. "अज्ञान" म्हणजे अर्थात वयानं सज्ञान नसलेला.

जुनी_चावडी

घ्या. दत्तकाची शक्यता संपली. एक काशीराम खरेदीखतावर आंगठा करतोय आणि दुसरा त्याच कागदात उत्तरेच्या बांधावर मयत आहे. एकच माणूस दोन्ही असू शकत नाही.

आणि ताई, वडाचं वावर दोघांत वाटलेलं दिसतंय. उत्तरेकडचं तुळशीरामच्या शाखेला, दक्षिणेकडचं महादेवच्या. १८७१ ला ते सगळं एका काशीरामचं होतं. तो थोरला काशीराम या दोघांचा आजा, हे मी म्हणतो पण लिहिणार नाही. वावरावरून आणि नावावरून तसं दिसतं, एवढंच. तुळशीराम आणि महादेव हे त्याचे मुलगे असा एक ओळीचा कागद जेव्हा मिळेल तेव्हा पक्कं. अमरावतीला त्यासाठी जा.

सावकाराचा कागद तुमच्या पेटीत का, हे आजोबांच्या वेळच्या फेरफारात, म्हणजे जमिनीच्या मालकीबदलाच्या नोंदीत, बघा. त्यांनी तो तुकडा नंतर सावकाराकडून विकत घेतला असणार. जमिनीबरोबर जुनं खतही हातात देतात.

डाकवाली

तीन आठवडे गायब होते. माफ करा, दिवाळीच्या पार्सलांनी जीव काढला. आता सगळं सविस्तर सांगते.

फेरफार मिळाला. जुनी_चावडी काका, तुमचं बरोबर. १९५१ ला आजोबांनी तो साडेतीन एकर तुकडा सावकाराच्या मुलाकडून घेतला. म्हणजे चुलत्यानं विकलेलं वावर पुतण्यानं परत आणलं. भावाला हे सांगितलं तर तो बराच वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, तरीच बाबा तो तुकडा विकायला कधी तयार झाले नाहीत.

मग मी आत्याकडे गेले. बाबांची थोरली बहीण, नेरला दिलेली, वय ८४. ऐकू कमी येतं, पण डोकं शाबूत. दर्यापूरच्या भाऊनं सांगितलं तसं मी कागदाचं नावच काढलं नाही. पंजीचं माहेर विचारलं.

"कोनाचं? उंबर्डेवालीचं?"

मी म्हटलं, आत्या, उंबर्डेवाली कोण? ती माझ्याकडे असं पाहायला लागली की जणू मी घरचीच नव्हे. "तुह्या बापाची आजी. उंबर्डा बाजारची. दुसरी ते कामरगाववाली, महादेवबुढ्याच्या घरची. तिचं अन् आमच्या बुढीचं पटे नाही."

झालं. दोन काशीराम आत्याच्या डोक्यात कधी एक नव्हतेच. एक उंबर्डेवालीचा नवरा, एक कामरगाववालीचा. काशीराम हे नाव तिनं एकदाही घेतलं नाही. मी घेतलं तेव्हा म्हणाली, हो, दोघायचं तेच होतं वाटते. जी गोष्ट मी आठ महिने चार कार्यालयांत शोधत होते, ती तिच्या लेखी कधी प्रश्नच नव्हती. कोणी विचारलं नाही म्हणून ती बोलली नाही. मी स्वतः तिच्याकडे दर वर्षी भाऊबीजेनंतर जाते आणि दर वर्षी गुडघ्यांवर बोलून परत येते.

उखाणाही विचारला. आत्या हसली आणि दाराकडे पाहून आवाज बारीक केला. बुढी विधवा, तिनं नाव घेणं चालायचं नाही. पण दुपारी जात्यावर आत्या समोर बसली की, आमच्या येळेस मी असा घेतला होता, म्हणून सांगायची. तेवढंच. तो असा :

जात्यात टाकली डाळ, खाली पडलं चून,
काशीरामाचं नाव घेते, तुळशीरामाची सून.

तीन वेळा म्हणायला लावलं आणि फोनमध्ये भरून घेतलं. नवरा काशीराम, सासरा तुळशीराम. आमचा पणजोबा मानमोडीतच गेला. बुढ्यांनी काही लावून दिलं नव्हतं. १ जुलै १९२१ तेवढा खोटा.

आत्यानं आणखी एक सांगितलं, ते मला कुठल्याच कागदात मिळालं नसतं. आजोबांना घरात तुळशीराम म्हणायचेच नाहीत. उकंडा म्हणायचे. आधीची पोरं जगली नाहीत, म्हणून जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवून उचलून आणलं, तसलं. शिवाय तुळशीराम हे सासऱ्याचं नाव, ते उंबर्डेवालीनं पोराला हाक मारायला तरी कसं घ्यायचं? कागदावर सासऱ्याचं नाव आणि तोंडात उकंडा. शाळेत घालायच्या वेळी मात्र खरं नाव लागलं.

हे धरून परत कोतवाल बुक काढलं. आधी मी त्यात "तुळशीराम" शोधत होते. किती मूर्खपणा. जन्माच्या रकान्यात पोराचं नावच नसतं, बाप, जात, मुलगा की मुलगी आणि तारीख, एवढंच. बारा दिवसांच्या आत नोंद व्हायची, बारसं व्हायच्या आधी नाव येणार कुठून? मग काशीराम वल्द तुळशीराम या बापाची सगळी पोरं उतरवली :

१९११ मुलगा. १९१२ च्या मयतीत तोच, वय दीड वर्ष.
१९१४ मुलगी.
१९१५ मुलगा. १९१६ ला मयत.
९ ऑक्टोबर १९१७ मुलगा.

शेवटचे ते आजोबा. बाप गेला तेव्हा १३ महिन्यांचे. त्या नोव्हेंबरच्या मयतीच्या पानांवर ओळीला ओळ लागून नावं आहेत. एरवी महिन्याला एक-दोन नोंदी असणारं आमचं गाव, तिथे कोतवालानं आडव्या रेघा मारणंसुद्धा सोडून दिलंय. कामरगाववालीच्या काशीरामाची पोरं वेगळ्या ओळींत, वल्द महादेव, स्वच्छ.

भाच्यानं ॲपमधलं झाड पुसून नवं काढलं. यावेळी त्याला बजावलं, दोन एकच आहेत का विचारलं की नाही दाब.

मोडी_वाचक

वा! आता अमरावतीला जाणार ना थोरल्या काशीरामासाठी? जाल तेव्हा कळवा, मी येतो वाचायला. गेल्या दोन-तीन वर्षांत मोडी वाचणाऱ्यांचा भाव फार वाढलाय, पण तुमच्याकडून चहाच घेईन.

दर्यापूरचा_पोट्टा

ताई, लय भारी. आत्याबाईले नमस्कार सांगजा. पन १९१४ ची पोरगी? तिची मयत नाही लागली काय कुठं?

डाकवाली

तेच तर विचारायला परत आले. नाही लागली. १९१४ ते १९२५ पर्यंत मयतीची पानं दोनदा पाहिली, १९२० चं अर्धं वर्ष सोडून, ते खरंच वाळवीनं खाल्लंय. आत्याला विचारलं, आजोबांना एखादी मोठी बहीण होती का. तिला आठवत नाही. पण पाच मिनिटांनी आपणहून म्हणाली, लहानपणी एक बाई यायची, अक्षय तृतीयेला, डोक्यावर टोपलं घेऊन. बुढी तिला जेवू घालायची आणि जाताना रडायची. तिला सगळे धामणीवाली म्हणायचे. आत्याला वाटायचं, बुढीच्या माहेरची कोणी असेल.

पण माहेर तर उंबर्डा.

आमच्या भागात धामणी नावाची गावं एकाहून जास्त आहेत. १९२५ ते १९३० च्या सुमारास कारंज्याकडची, आईचं नाव चंद्रभागा, अशी सून तुमच्या घरात आली असेल, तर मला निरोप करा. तिचं माहेरचं नाव काय होतं तेवढं कळलं तरी पुरे. आमच्या कागदात ती फक्त "मुलगी" आहे.